शेवटच्या पलंगाची खोली

९ फेब्रुवारी, सोमवार

शेवटची खोली मला मिळाली. मालक म्हणाले, "कोडी तुझी, भीतीही तुझीच. काय वाटेल ते घाल. फक्त खेळणारा खुर्चीतून उडाला पाहिजे."

आमचा कॉम्प्युटरवरचा खेळ तसा साधा आहे. बंद पडलेलं हॉस्पिटल, खेळणारा आत कोंडलेला. खोलीतलं कोडं सोडवायचं, किल्ली मिळवायची, पुढच्या खोलीत सटकायचं. चार खोल्या तयार आहेत. रंगारीनं (ती आमची चित्रं काढते, म्हणून रंगारी) त्यांत इतकं रक्त ओतलंय की आता कुणी दचकत नाही, उलट फरशी पुसावीशी वाटते.

दुपारभर मी नुसतं पेन चावत बसले. मग एकदम सुचलं, आणि सुचल्यावर इतका आनंद झाला की माझं मलाच कसंतरी वाटलं. ही खोली मी ताईसाठी करणार.

ताई म्हणजे माझी सख्खी थोरली बहीण. तीन वर्षांपूर्वी बाबा हॉस्पिटलात होते तेव्हा मी दुसऱ्या गावी, शेवटच्या वर्षाची परीक्षा देत होते. रोज संध्याकाळी फोन करायचे. रोज ताई म्हणायची, "बरे आहेत, झोपलेत. तू अभ्यास कर." शेवटचा पेपर देऊन घरी आले, तर दारात चपलांचा ढीग आणि बाबा नाहीत. आदल्या दिवशीच गेलेले. मी ताईला विचारलं, काय म्हणाले? माझ्याबद्दल काही? तर म्हणाली, "शेवटी बोलतच नव्हते गं. कुणाचीच आठवण काढली नाही."

झोपेतसुद्धा बडबडणारा माणूस, तो म्हणे बोलत नव्हता! खोटं बोल पण रेटून बोल, त्यातली गत. तेव्हापासून आमचं बोलणं म्हणजे वाढदिवसाचा फोन आणि "बरी आहेस ना".

मला तिला घाबरलेलं बघायचंय. आणि बाबा खरंच काय म्हणाले ते तिच्या तोंडून काढायचंय. जास्त काही मागत नाही मी.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

ताईचे सगळे दुखरे भाग मला पाठ आहेत, बहीण असण्याचा तेवढा तरी फायदा. टीव्हीवर हॉस्पिटलचा प्रसंग आला की बाईसाहेब "गॅस बघून येते" म्हणून उठतात. त्या हॉस्पिटलच्या रस्त्यानं जात नाही, लांबचा वळसा घालते. दुकानातला फ्रिज टूं टूं वाजला तरी तोंड पांढरं पडतं. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय.

म्हणून माझ्या खोलीत रक्त नाही. एक वॉर्ड, सगळे पलंग रिकामे, शेवटच्या पलंगावर एक पेशंट, गळ्यापर्यंत चादर. शेजारी ठोके मोजणारं ते यंत्र, टूं टूं. किल्ली समोरच्या भिंतीच्या कपाटात. कपाटाचे आकडे तापाच्या तक्त्यावरून काढायचे. जरा आवाज झाला की पेशंट डोकं उचलतो. भिंतीला चिकटून जायचं, कपाट उघडायचं, सुसाट बाहेर. बस. घाबरवायला फार सामान लागत नाही.

रंगारी वैतागली आहे. पेशंटचा चेहरा तिनं तीनदा काढला आणि तीनदा मी परत पाठवला. म्हणाली, "अगं, कानांवर किती वेळ घालवशील? अंधारात दिसतात तरी का कान?" मी म्हटलं, मोठे कर आणि पाळी जरा लोंबती ठेव. भुताचे कान नीट नसले की मजा जाते.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

आज आवाज रेकॉर्ड केले. भोंगा आमचा आवाजवाला. आवाज इतका मोठा की फोनवर बोलला तर फोन नसला तरी चालेल, पण कुजबुज त्याच्याइतकी कुणाला जमत नाही.

वॉर्डात एक फोन आहे. खेळणारा आत शिरला की वाजतो. उचलला की बाईचा आवाज येतो, "बरे आहेत, झोपलेत. तू अभ्यास कर." तो मी दिला. ताईची नक्कल करायला मला शिकावं लागलं नाही, 'आहेत'वर थोडं खेचायचं आणि 'कर' पटकन संपवायचं. भोंग्यानं कानावरचे हेडफोन काढले आणि म्हणाला, "बाई गं! हे वाक्य कुठून काढलंस? यात भीतीचं काही नाही, आणि काटा आला."

मग पेशंट. त्याला एकच वाक्य. थोड्या थोड्या वेळानं विचारतो, "धाकटी आली का?"

धाकटी मी. बाबा कधी नावानं हाक मारायचे नाहीत, ताई मोठी आणि मी धाकटी. त्यांनी हेच विचारलं असणार याची मला खात्री आहे. पुरावा नाही, पण खात्री आहे. ताईच्या कानावर हे पडू दे, मग बघू चेहरा सरळ कसा ठेवते.

भोंग्याकडून मी ते पुन्हापुन्हा बोलवून घेतलं. इतकं रडवेलं नको, इतकं भुतासारखं नको, विचारल्यासारखं विचार. शेवटी वैतागून तो साध्या आवाजात बोलला आणि मला उठून पाणी प्यावं लागलं. तोच घेतला.

३ मार्च, मंगळवार

लोक बसवून खोली खेळून पाहिली. आमच्याकडे याचा एकच कायदा आहे. ज्यानं खोली केली त्यानं खेळणाऱ्याच्या मागे बसायचं, कानाला दुसरा हेडफोन लावायचा आणि तोंडाला कुलूप. खेळणारा भिंतीवर आपटू दे, किल्ली समोर असून गावभर शोधू दे, चकार शब्द काढायचा नाही. कारण विकत घेणाऱ्याच्या घरी आपण मागे बसायला जाणार नाही. जो बोलेल त्यानं सगळ्यांना चहा पाजायचा. मी आजवर एकदाही पाजलेला नाही.

खालच्या मजल्यावरचा दातांचा डॉक्टर आला होता. रोज लोकांना ओरडायला लावणारा माणूस, पण पेशंटनं डोकं उचलल्यावर असा किंचाळला की मालकांच्या हातातला कप सांडला. मग रंगारीची मावशी, मग मालकांचा मेहुणा. सगळे भिंतीला पाल चिकटावी तसे चिकटून गेले, कपाट उघडलं आणि धूम पळाले. मालक खूश. म्हणाले, "भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात, तू तर ब्रह्मराक्षसच चादर घालून निजवलास!"

नंतर सगळे चहाला जमले तेव्हा मेहुणा पेशंटची नक्कल करत होता. मान वाकडी, जीभ बाहेर, "ढाकटी आली काऽऽ". सगळे हसले. मी पण हसले. मग एकदम म्हटलं, "पुरे झालं, म्हातारा माणूस आहे तो." सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, खेळातला हो, खेळातला.

डोकं दुखतंय आज.

११ मार्च, बुधवार

फोन केला. मालकांना हवं होतं की ज्यानं जन्मात असला खेळ हातात धरला नाही अशा कुणीतरी तो खेळून बघावा. मी म्हटलं, माझी बहीण आहे. आयती संधी चालून आली.

मी बोलायच्या आधीच ती घाबरली. "काय झालं? तू बरी आहेस ना? कुणाला काही झालं का?" म्हटलं, कुणाला काही होत नाही, एक खेळ आहे, येशील का खेळायला? गप्पच झाली. मला वाटलं, लागला वास. तर म्हणाली, "तू बोलावतेयस?"

"मग कोण, शेजारीण?"

"येते की. रजा टाकते. काय आणू येताना?"

काय आणू म्हणे. सगळ्यांना पुरेल एवढं कर, असं उगीच म्हटलं. ठेवला फोन. ती हसत होती. हस बाई, घोडामैदान जवळच आहे.

१६ मार्च, सोमवार

भोंग्यानं विचारलंच. "कुणासाठी लावलायस हा सापळा? खेळासाठी माणूस इतकं दातओठ खात नाही." सगळं सांगितलं. वाटलं होतं म्हणेल, बरोबर आहे, चांगला धडा शिकव. तर म्हणतो, "आणि घाबरली की पुढे?"

"पुढे काही नाही. माझा जीव थंड होईल."

"आणि नाही घाबरली तर?"

"घाबरेल."

"आणि बाबांनी खरंच कुणाला विचारलं नसेल तर? तू माझ्या तोंडून वदवून घेतलंस म्हणून ते बोलले असं होत नाही."

म्हटलं, तू तुझा भोंगा सांभाळ. पण दिवसभर तेच डोक्यात. विचारलंच नसेल तर? मी इकडे तीन वर्षं ताईला पाण्यात पाहतेय, आणि तिकडे खरंच माझी आठवण निघाली नसेल तर? त्यापेक्षा ती खोटारडी असलेली परवडली. खोटारडीच असावी.

२१ मार्च, शनिवार

जसं झालं तसं लिहिते. उद्या मला ते वेगळं आठवायला लागेल.

ताई वेळेच्या आधीच आली. ठेवणीतले कपडे, हातात भला मोठा डबा. तिच्या चष्म्याच्या दुकानात शनिवारी मरणाची गर्दी असते, तरी रजा घेतलेली. ओळख व्हायच्या आधी तिनं मालकांचा चष्मा काढून घेतला, काड्या सरळ केल्या, पुसून परत दिला. "आमच्या धाकटीला इथं नीट वागवता ना?" असंही विचारून घेतलं. मी तिला खुर्चीत बसवलं, हेडफोन लावला आणि मागे जाऊन बसले. काळीज असं धडधडत होतं की वाटलं, तिच्या हेडफोनमध्ये ऐकू जाईल.

चालता येईना तिला. दोनदा भिंतीवर आपटली आणि दोन्ही वेळा भिंतीला "सॉरी" म्हणाली. रंगारी लांबून हसत होती. मग जमलं. वॉर्डात शिरली.

फोन वाजला. तिनं उचलला. "बरे आहेत, झोपलेत. तू अभ्यास कर."

तिचा हात माऊसवर थांबला. मागे वळून बघितलं नाही. कान मात्र लालभडक झाले. मी मनात म्हटलं, बसला! इतका आनंद झाला, इतका, की पायाची बोटं वळली. तिनं रिसीव्हर हळूच जागेवर ठेवला.

टूं टूं चालू होतं. मग पेशंट बोलला. "धाकटी आली का?"

मी तिचं तोंड दिसावं म्हणून पुढे वाकले. आता किंचाळेल, आता हेडफोन फेकेल, आता गॅस बघायला उठेल. ती कपाटाकडे गेली नाही. सरळ पलंगाकडे निघाली. वाटलं, वाट चुकली, चालताच येत नाही बिचारीला. पण ती नीट चालत गेली आणि पलंगाशी उभी राहिली.

आजवर कुणीच तिथं गेलं नव्हतं. आणि जवळ गेल्यावर काय व्हावं हे मी लिहिलेलंच नव्हतं. सगळेच पळतात म्हटल्यावर कशाला लिहायचं? डोकं उचलायचं तेही लांबून आवाज आला तर. त्यामुळे काहीच झालं नाही. माझं भूत नुसतं पडून राहिलं, मोठे कान घेऊन.

पलंगाच्या पायाशी रंगारीनं दिसायला म्हणून पलंग वरखाली करायचा एक दांडा काढला होता. ताई त्यावर क्लिक करत राहिली. "हे फिरत नाही का गं?" तिनं विचारलं. "डोकं फार खाली राहिलंय त्यांचं."

मी गप्प. कायदा.

मग उशीवर क्लिक केलं. मग चादरीच्या टोकावर. मग खिडकीच्या पडद्यावर, कारण उजेड त्याच्या तोंडावर येत होता. यातलं काहीही हलत नाही. मी हलेल असं केलेलंच नाही.

"धाकटी आली का?"

आणि ताई बोलली. मोठ्यानं, भरभर, शब्द एकमेकांवर ढकलत, थोडं नाकात. माझ्या आवाजात. "आले हो बाबा, ही काय! पेपर एकदम सोपा होता."

खुर्चीतून उडाले ती मी.

"काय म्हणालीस?" कायदा गेला खड्ड्यात. "ताई, काय म्हणालीस तू?"

तिनं एक कान मोकळा केला. वळली नाही. "डोळे मिटलेलेच असायचे त्यांचे. आवाजावरच चालायचं. तुझा आवाज काढता येतो मला."

"म्हणजे विचारत होते."

"दुसरं काही विचारतच नव्हते."

मग मी ओरडले. काय काय ओरडले ते इथं लिहीत नाही. भोंग्यानं सगळ्यांना गोळा करून बाहेर नेलं. मी म्हटलं, तीन वर्षं! तीन वर्षं मी समजतेय की त्यांना मी आठवलेसुद्धा नाही! का नाही बोलावलंस? का खोटं बोललीस?

"आधी तुझ्या परीक्षेसाठीच," ती म्हणाली. "शुद्धीवर होते तेव्हा त्यांनीच बजावलं होतं, तिला कळवू नकोस. विश्वास ठेव नाहीतर सोड. पण मग डॉक्टर म्हणाले, कुणाला बोलवायचं असेल तर बोलवून घ्या. तेव्हा तुझा एकच पेपर राहिला होता. एक फोन केला असता तर निघाली असतीस. पोचलीही असतीस."

"मग?"

"नाही केला." ती पडद्याकडेच बघत होती. "कूस मी बदलतेय, तोंड मी पुसतेय, रात्रंदिवस मी बसलेय, आणि माझाच हात धरून मला विचारतायत, धाकटी आली का. एकदा म्हटलं, बाबा, मी मोठी आहे. तर म्हणाले, बरं. धाकटी आली का? तेव्हा डोकंच फिरलं माझं. म्हटलं, नाही येणार ती. बसा वाट बघत. त्यांच्यावर सूड घेतला की तुझ्यावर, ते अजून मला ठरवता येत नाही. आणि तुला म्हटलं आठवण काढली नाही. तेवढं तरी तुला मिळू नये असं वाटलं मला."

हे असं, अगदी असं, मला ऐकायचं होतं. मान्य केलं तिनं, स्वतःच्या तोंडानं, कुणी न दटावता. माझा सापळा चालला. जिंकले मी. जिंकल्यावर काय करायचं हे मात्र मी ठरवलं नव्हतं. तिच्या पाठीत गुद्दा घालावा असं वाटलं आणि मी खरंच घातला, लहानपणी घालायचे तसा. ती "आई गं" म्हणाली आणि बसूनच राहिली.

कानात पुन्हा आलं, "धाकटी आली का?"

ताई खुर्चीसकट बाजूला सरकली. "ये. आता तू दे उत्तर. तुझ्या नावानं बोलून बोलून कंटाळले मी."

मी पुढे जाऊन बसले. पलंग, चादर, बाबांचे ते कान. हा भोंग्याचा आवाज आहे, मी स्वतः घोटवून घेतलाय, हे मला माहीत होतं. तरी म्हटलं, "आले, बाबा."

टूं टूं. पेशंट गप्प. मला खरंच वाटलं, ऐकलं त्यांनी.

मग, "धाकटी आली का?"

उत्तर त्याला कळावं अशी सोय मी केलेलीच नाही. माझंच काम, मला ठाऊक असायला हवं होतं. पण मी ताईकडे अशी वळले जणू ते तिनंच केलंय.

"तेव्हाही असंच," ताई म्हणाली. "आले म्हटलं की जरा निवायचे. मग परत विचारायचे. तू खरी आली असतीस तरी विचारलंच असतं, असं मी मनाला सांगते. खरं काय ते मला माहीत नाही."

मी तिला सांगून टाकलं की मी तुला माफ केलेलं नाही. ती म्हणाली, "मी मागितली कुठे?" आणि नाक पुसलं. मी म्हटलं, मरेपर्यंत करणार नाही. म्हणाली, "बरं." मग तिनं विचारलं, "आपण इथून गेलो नाही तर काय होतं? तो मरतो का?"

"नाही. आपण बाहेर पडलो की खेळ संपतो. बसून राहिलो तर तो तसाच राहतो."

"मग बसू या जरा."

किल्ली कुठे आहे ते तिनं विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. बाहेरून भोंग्यानं दार ठोठावलं, मालक चहाचं विचारतायत म्हणून. मी म्हटलं, पाजते, थांबा थोडं. ताईनं डबा उघडून आमच्या दोघींच्या मध्ये ठेवला. तोंडात घास असतानाच आवाज यायचा. एकदा ती म्हणायची, आले हो बाबा. एकदा मी.